पत्रिकेतलं नाजूक जाड-बारीक अक्षर : या चुका टाळा

मागच्या लग्नसराईत एका मामांनी पत्रिकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला अन् नवरीच्या नावावर बोट टेकवलं. "भाऊ, आमची पल्लवी पल्लवा झाली न!" मरून कार्ड, सोनेरी शाई, १४ पॉइंटचं (पॉइंट म्हणजे छपाईतलं अक्षराचं माप) नाजूक अक्षर. स्क्रीन छपाईत वेलांटीची वरची कमान उडाली, खाली नुसता काना उरला. सगळ्या पत्रिका मी पुन्हा छापून दिल्या.

या जातीच्या अक्षराची शोभा जाड दांडा आणि केसासारखी रेघ यांच्या फरकात असते. अठराव्या शतकाच्या शेवटी इटलीत बोडोनी आणि पॅरिसात दिदो या छपाईकारांनी रोमन लिपीत ते टोकाला नेलं. देवनागरीत तसा थाट हवा असेल तर 'रोझा वन' हा फॉन्ट फुकट मिळतो. पण ही अक्षरं मोठ्या मापासाठीच असतात. समजा बारीक रेघ मापाच्या २ टक्के आहे. १४ पॉइंटला ती ०.२८ पॉइंट, म्हणजे जेमतेम ०.१ मिलिमीटर होते. सोनेरी शाईतले कण भरड, त्यासाठी स्क्रीनची, म्हणजे शाई गाळून उतरवणाऱ्या कापडाची, जाळीही मोकळी लागते. इतकी बारीक रेघ त्यात टिकत नाही. माझा नियम असा, की सोनेरीत एक पॉइंटाखालची रेघ द्यायची नाही. म्हणजे वधू-वरांची नावं ५० पॉइंटच्या पुढे, आणि मुहूर्त, स्थळ, निमंत्रकांची यादी 'मुक्ता'सारख्या सरळ, एकसारख्या जाडीच्या अक्षरात.

रेघ बारीक पडते म्हणून पुष्कळ जण अक्षराला भोवतीनं रेघेची आउटलाइन लावतात. त्यानं अक्षराचा जीव जातो. १४ पॉइंटला अर्ध्या पॉइंटची आउटलाइन दिली की ०.२८ ची रेघ ०.७८ होते, २.८ चा दांडा ३.३ होतो. दहास एक असलेला फरक चारास एक उरतो, वर 'क्ष' न् 'ध'ची पोकळी बुजते. त्यापेक्षा माप वाढवा, नाही तर फॉन्टच बदला.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते. इंग्रजी मथळा ऐटदार दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतात, तेच देवनागरीला लावतात. शिरोरेषा तुटते अन् 'शुभविवाह' वाचताना पाच तुकडे दिसतात. मोकळीक हवीच असेल तर शब्दांमध्ये द्या, ओळींमध्ये द्या.

फ्लेक्सवरही हे अक्षर घाईनं लावू नका. एक फूट मापाच्या अक्षराची बारीक रेघ त्याच २ टक्क्यांनी ६ मिलिमीटर भरते; वीस मीटरवरून साधारण नजरेला ती दिसते न दिसते. पोळ्याचा बॅनर रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचायचा असतो, तिथं जाड अक्षरच घ्या.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर नुसता फॉन्ट बदलून येत नाही, आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात) कन्व्हर्ट करा. पानं मांडायच्या जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही. कोरलड्रॉ एक्स-६ किंवा पुढचं वापरा. प्रेसला फाइल देताना कर्व्ह केल्यावर (म्हणजे अक्षरांचं चित्र केल्यावर) शिरोरेषेचे सांधे स्क्रीनवर मोठे करून बघा, तिथं पांढऱ्या चिरा पडतात. दिसल्या तर अक्षरं वेल्ड करा, म्हणजे एकात जोडा.

नवा फॉन्ट घेतला की मी पहिला शब्द 'वऱ्हाड' टाइप करतो. कित्येक फॉन्ट हिंदीसाठी घडवलेले असतात. त्यांत ऱ्ह नसला की डोक्यावर रफार चढतो आणि 'वर्हाड' छापून येतं. टाइप करताना नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. तरी जमलं नाही तर तो फॉन्ट मी पत्रिकेला लावत नाही.