हळू ड्रायव्हरचे दोन सेकंद

रेसिंग टीमच्या मुलाखतीत मला दोनच प्रश्न विचारले. व्हॅन चालवता येते का, आणि पहाटे उठायची सवय आहे का. पुण्यात कॉलेजच्या टीमबरोबर बाहा या इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधली होती, इंग्लंडला येऊन मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंगची एमएससी संपवली होती, सस्पेन्शनवरचा प्रबंध बॅगेत घेऊन गेले होते. तो बॅगेतच राहिला. व्हॅनच्या प्रश्नाला मी ऐटीत 'हो' म्हटलं आणि तिथेच फसले. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून बाराच महिने गाडी चालवता येते. माझे कधीच उलटून गेले होते. इथली ड्रायव्हिंग टेस्ट द्यायला महिनोन्महिने तारीख मिळत नाही. त्यामुळे पहिल्या काही शर्यतींना मी व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर बसून टीमला चहाचे कप पुरवत गेले. इकडे यायचं ठरवत असाल तर पहिल्या महिन्यातच प्रोव्हिजनल लायसन्ससाठी अर्ज करा. प्रबंधापेक्षा त्याला जास्त भाव आहे, हे मी चेष्टेत म्हणत नाहीये.

टीम ब्रिटिश जीटी चॅम्पियनशिपमधली. ही मालिका १९९३ पासून चालू आहे. आता तिच्यात जीटी३ आणि जीटी४ अशा दोन वर्गांच्या गाड्या एकाच वेळी ट्रॅकवर असतात. जीटी३ म्हणजे पोर्शे ९११, मॅक्लारेन, लॅम्बोर्गिनी वगैरेंच्या खास रेसिंगसाठी बांधलेल्या, पाचशेच्या पुढे हॉर्सपॉवरच्या गाड्या. जीटी४ त्यांची धाकटी भावंडं, रस्त्यावरच्या गाडीच्या बरीच जवळची. आमच्या दोन्ही गाड्या जीटी४ होत्या. माझा हुद्दा ज्युनिअर डेटा इंजिनिअर, पण कामात टायर, पेट्रोलचा हिशेब, पिट स्टॉपचं (शर्यतीत गाडी मध्येच टीमकडे येऊन थांबते त्याचं) स्टॉपवॉच आणि पाऊस आल्यावर तंबूच्या छतावर साचलेलं पाणी झाडूच्या दांड्यानं ढकलणं, हे सगळं आलं.

नव्या मुलांचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे आपण इथे गाडी डिझाइन करणार. गाडी कंपनीनं बांधलेली असते, टीम ती विकत घेते, आणि तिच्यात काय बदलायची मुभा आहे ते नियमांत लिहिलेलं असतं. वर बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स असतो, ज्याला सगळे बीओपी म्हणतात. एका गाडीचं इंजिन पुढे, दुसरीचं मध्ये, एकीला टर्बो, दुसरीला नाही. अशा गाड्या बरोबरीनं पळाव्यात म्हणून आयोजक कुणाला वजन चढवतात, कुणाची ताकद उतरवतात. टायर सगळ्यांना एकाच कंपनीचे, पिरेलीचे. एवढं करूनही तुम्ही पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत आलात, तर पुढच्या शर्यतीच्या पिट स्टॉपमध्ये काही सेकंद जास्त उभं राहायची शिक्षा. मग इंजिनिअरनं करायचं काय?

याचं उत्तर ड्रायव्हरच्या सीटवर असतं. प्रत्येक गाडीला दोन ड्रायव्हर. एफआयए ही मोटर रेसिंगची जागतिक संघटना ड्रायव्हरांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशा चार श्रेणी देते. आमच्या एका गाडीत एकवीस वर्षांचा सिल्व्हर मुलगा होता आणि त्याच्या जोडीला पन्नाशी ओलांडलेले ब्राँझ गृहस्थ. ब्राँझ म्हणजे हौशी. आठवडाभर स्वतःचा धंदा सांभाळायचा आणि शनिवार-रविवारी हेल्मेट चढवायचं. या खेळाचा खर्च बहुतेक वेळा अशा हौशी माणसांच्या खिशातून होतो, म्हणून याला कस्टमर रेसिंग म्हणतात. सुरुवातीला मला यात कमीपणा वाटायचा. तो एका हिशेबानं गेला.

एक तासाची शर्यत घ्या. मध्यावर ठरलेल्या वेळेत आत येऊन ड्रायव्हर बदलायचा, म्हणजे प्रत्येकाला साधारण अर्धा तास. लॅप, म्हणजे ट्रॅकचा एक पूर्ण वळसा, एक मिनिट सदतीस सेकंदांचा धरला तर अठरा लॅप. महिनाभर खपून सेटअपमधून, म्हणजे गाडीच्या जुळवणीतून, लॅपमागे दहावा भाग सेकंद काढला, तर त्या अर्ध्या तासात हाती लागतात जेमतेम दोन सेकंद. ब्राँझ ड्रायव्हर मात्र सिल्व्हरपेक्षा लॅपला दोन सेकंद हळू असतो. अठरा लॅपचे झाले छत्तीस. दोन सेकंदांसाठी डोकं फोडायचं आणि छत्तीसांकडे पाहायचंही नाही, हा शहाणपणा माझ्याकडे पहिले दोन महिने होता. २०२२ चं जीटी३ विजेतेपद इयन लोगी या हौशी ड्रायव्हरनं एकट्याच्या नावावर घेतलं, कारण त्यांचे जोडीदार हंगामभर बदलत राहिले. हे मला आधीपासून माहीत होतं. त्यावरून काही शिकावं हे मात्र सुचलं नव्हतं.

शिकवलं आमच्या मुख्य इंजिनिअरनं, डॉनिंग्टन पार्कला. तिथे क्रेनर कर्व्ह्ज नावाचा उतार आहे. गाडी डावी-उजवी झुलत वेगात खाली येते आणि तळाशी ओल्ड हेअरपिन हे उजवं वळण लागतं. सराव संपल्यावर मी दोघांच्या लॅपचे आलेख पडद्यावर एकमेकांवर ठेवले. सिल्व्हरची रेघ निळी, ब्राँझची लाल. मी चौदा मुद्दे काढले होते, त्यातला पहिला 'ब्रेक लवकर लागतो'. इंजिनिअरनं कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाला, ब्रेकचं राहू दे, पाय बघ. मी झूम केलं. लाल रेघेत ब्रेक सुटला होता आणि ॲक्सिलरेटर अजून दाबलेला नव्हता. मध्ये सात दशांश सेकंद पाय कशावरच नव्हता, नुसता हवेत. निळ्या रेघेत ब्रेक हळूहळू उतरत वळणाच्या आतपर्यंत जात होता आणि तो संपतो तिथेच ॲक्सिलरेटर उगवत होता. ब्रेकवर पाय राहिला की पुढच्या टायरांवर भार राहतो आणि नाक वळतं. तो मोकळा सुटला की गाडी सरळ जाऊ बघते, आणि ड्रायव्हर घाबरून आणखी वाट पाहतो. उशिरा ब्रेक मारा, असं त्यांना सांगितलं असतं तर ते थेट ट्रॅकबाहेरच्या खडीत गेले असते.

'चौदा सांगितलेस तर ते एकही करणार नाहीत,' इंजिनिअर म्हणाला. 'एक सांग.' मी एकच सांगितलं, ब्रेक सावकाश सोडा. सकाळच्या वॉर्मअपमध्ये ते सात दशांश चारवर आले. हे काम कुठल्याच विषयात शिकवलेलं नव्हतं. दमलेल्या, घामेजलेल्या, आपल्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या माणसाला त्याची चूक अशी दाखवायची की तो पुन्हा दाखवायला बोलावेल.

याचा सराव घरबसल्या होतो. मोटेकचं आयटू हे डेटा पाहायचं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेता येतं, आणि असेट्टो कोर्सा कॉम्पिटिझिओने या सिम्युलेटरमधला डेटा त्यात उघडतो. ब्रिटिश जीटी पॅकमध्ये औल्टन पार्क, स्नेटरटन आणि डॉनिंग्टन हे तिन्ही ट्रॅक आहेत. स्वतः चालवा, मग आपल्याहून चांगल्या मित्राला चालवायला लावा, आणि दोन रेघांत फरक कुठे पडतो ते एका वाक्यात लिहा. दुसरं वाक्य सुचलं तर खोडा.

आता माझी फजिती. आमचा हंगाम ईस्टरला औल्टन पार्कला सुरू झाला. तिथे रविवारी शर्यत नसते, म्हणून शनिवारी सराव आणि क्वालिफाइंग (शर्यतीत कुणी कुठून सुटायचं ते ठरवणारी फेरी), सोमवारी एकेक तासाच्या दोन शर्यती. सोमवारी सकाळी टायरांचा दाब लावायचं काम माझं होतं. थंड टायरमध्ये हवा कमी भरायची, म्हणजे ट्रॅकवर तापून तो बरोबर हव्या त्या आकड्यावर येतो. मी चारही टायर अगदी नेमके लावले. फक्त ट्रॉली तंबूच्या कडेला होती, आणि डावे दोन टायर तासभर कोवळ्या उन्हात उभे होते. काळं रबर, ऊन पितंच. ते आधीच दहाएक अंश गरम होते, त्यामुळे त्यांतली हवा मी नेमकी जास्त सोडली. नंतर ढग आले. औल्टनला उजवी वळणं जास्त, म्हणजे सगळा भार डाव्या टायरांवर, आणि तेच दोन टायर मऊ. तिसऱ्या लॅपला रेडिओवर आवाज आला, गाडी लोळतेय. दहा अंशांना साधारण ०.१ बारचा फरक पडतो, हे अकरावीच्या वायूच्या नियमातून कुणालाही काढता येईल. मलाही आलं, शर्यत संपल्यावर. कुणी ओरडलं नाही. टायरच्या माणसानं नुसता एक इन्फ्रारेड थर्मामीटर माझ्या हातात ठेवला. तेव्हापासून आधी टायरचं तापमान, मग दाब, आणि दोन्ही वहीत.

पिट स्टॉपबद्दल थोडक्यात. टीव्हीवरच्या फॉर्म्युला वनसारखा दोन-अडीच सेकंदांचा प्रकार इथे नाही. स्टॉपला कमीत कमी किती वेळ लागला पाहिजे ते ठरलेलं असतं, आणि त्याच्या आत बाहेर पडलात तर दंड. म्हणजे घाई करून फायदा नाही. सगळी कला त्या आकड्याच्या अगदी किंचित वर सुटण्यात. स्टॉपवॉच हातात असताना माझं तोंड कोरडं पडायचं.

कागदपत्रांचं मात्र नीट वाचा, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. शर्यतीच्या वीकेंडला काम करणारी बहुतेक माणसं फ्रीलान्स असतात. दिवसाच्या दरानं येतात आणि नंतर बिल पाठवतात. स्टुडंट व्हिसावर असा स्वतंत्र व्यवसाय चालत नाही. सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांची नोकरी चालते, पण नोकरीच. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर फ्रीलान्स चालतं. म्हणून शिकत असताना मी पैशाच्या मागे न लागता मार्शल, म्हणजे ट्रॅकवर सुरक्षा पाहणारी स्वयंसेवक झाले. मोटरस्पोर्ट यूके या इथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी करायची, प्रशिक्षण घ्यायचं आणि केशरी कपडे घालून वळणावर उभं राहायचं. दिवसभर पावसात झेंडा धरून उभं राहिलं की पॅडॉकमधली, म्हणजे टीमच्या तळावरची माणसं ओळखायला लागतात. मला मुलाखतीला बोलावलं तेही तिथल्याच ओळखीतून. ईमेल मी चाळीसएक पाठवले होते, पण मार्चमध्ये, आणि तोवर माणसं ठरलेली असतात. हंगाम एप्रिलच्या आसपास सुरू होतो, तेव्हा पत्रं नोव्हेंबर ते जानेवारीत गेली पाहिजेत.

आणि स्पा. त्या वर्षी एक फेरी बेल्जियमला होती, सात किलोमीटरचा तो ट्रॅक, ओ रूजची चढण. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि मला अपॉइंटमेंटच मिळाली नाही. टीम गेली. मी भाड्याच्या खोलीत लॅपटॉपवर लाइव्ह टायमिंग लावून बसले, आमच्या गाडीचे आकडे हिरवे झाले की टाळ्या वाजवत. कॅलेंडर जाहीर होताच त्याच दिवशी परदेशातली फेरी शोधा आणि अर्ज करा.

शेवटची फेरी ब्रँड्स हॅचला होती. पॅडॉक हिल बेंड टीव्हीवर साधं वळण दिसतं. प्रत्यक्षात जमीन पायाखालून काढून घेतल्यासारखं ते खाली कोसळतं. सराव संपवून आमचे ब्राँझ गृहस्थ आत आले. दार उघडलं, पट्टे सुटले, हेल्मेट अजून डोक्यावरच. आवाजात काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून एक बोट वर केलं, कितवा नंबर ते विचारत असतील असं वाटून मी टायमिंगच्या पडद्याकडे वळले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तेच एक बोट. मग माझ्या लक्षात आलं. मी माझ्या बुटाकडे बोट दाखवलं आणि टाच सावकाश वर उचलली.