कौलारू घराची दुरुस्ती, गल्लीचा चेहरा न मोडता

शहापूर, वडगाव, बेळगावातला जुना गावभाग, नाही तर निपाणी-खानापूरच्या जुन्या गल्ल्या. घरांची मांडणी बहुतेक एकाच घाटणीची असते: पुढे कट्टा, मग सोपा म्हणजे पुढची खोली, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. रुंदी जेमतेम १२-१५ फूट आणि दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. त्यामुळे गल्लीला घराचे तीनच भाग दिसतात: कट्टा, दर्शनी भिंत आणि कौलांचा पुढचा उतार. एवढे जपले की आत आणि मागे हवी ती सोय करता येते. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. दर्शनी बाजू पाडून तिथे काच आणि स्टील चढवतात आणि माजघरातली ओल तशीच राहते.

पाडायच्या आधी हिशेब

जुने घर गल्लीच्या कडेला टेकून उभे असते. ते पाडून नवे बांधायचे तर परवाना आजच्या नियमांनी मिळतो, म्हणजे पुढे मोकळी जागा सोडावी लागते. १३ फूट रुंदीच्या जागेत त्यानंतर हातात काय उरते ते कागदावर आखून बघा. पुष्कळांचा पाडायचा बेत इथेच बारगळतो.

सीटीएस उतारा (सिटी सर्व्हेचा मालकीचा उतारा) काढा आणि सामाईक भिंत कोणाच्या नावे आहे ते तपासा. घर कॅम्पात असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी लागते. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या केंद्रसंरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरमध्येही परवानगीशिवाय काम सुरू करू नका.

एक पावसाळा घर नुसते बघा

ओल कुठवर चढते तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. तडा दिसला तर त्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. चार महिन्यांत काच फुटली तर भिंत हलते आहे आणि तिथे इंजिनिअर लागेल. नाही फुटली तर तडा जुना आहे, तो चुन्याने भरला की झाले. वडगाव-खासबागेत शेजारी यंत्रमाग असेल तर हादऱ्याने काच लवकर फुटते. अशा वेळी आधी मागाखाली रबराचे जाड पॅड बसवायची विनंती करा, मग भिंतीवर खर्च करा.

छप्पर: फेब्रुवारी ते एप्रिल

मे महिन्यात वळीव कधीही गाठतो. म्हणून त्याआधी उरका, आणि एका दिवसात परत शाकारता येईल तेवढेच छप्पर उघडा.

कौले उतरवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आला तर बाजूला काढा. मंगलोरी कौले १०० चौरस फुटांना साधारण १४० ते १५० लागतात, वर पाच टक्के तूटफूट धरा. खानापूरकडची नवी कौले चांगली असतात, पण त्यांचा लालभडक रंग जुन्यात उठून दिसतो. त्यावर उपाय सोपा: चांगली जुनी कौले सगळी गोळा करून गल्लीकडच्या उतारावर चढवा, नवी परसाकडच्या उतारावर टाका. कौले ज्यांवर अडकतात त्या रिपांमधले (आडव्या पट्ट्यांमधले) अंतर पुस्तकातून घेऊ नका. तुमची दहा कौले जमिनीवर एकमेकांत अडकवून मांडा, पहिल्याच्या खालच्या कडेपासून दहाव्याच्या खालच्या कडेपर्यंत लांबी मोजा, नऊने भागा. जुन्या-नव्या कौलांच्या खाचा जुळत नाहीत तेव्हा अर्ध्या इंचाच्या फरकाने पाणी आत येते. एका उतारावर एकाच जातीची कौले लावायचे हेही एक कारण.

वासे आणि तुळया मध्ये क्वचितच सडतात. सडतात ते भिंतीत गाडलेल्या टोकाला. तिथे जाड सुई किंवा स्क्रूड्रायव्हर दाबा. अर्ध्या इंचापेक्षा सहज आत गेला तर ते टोक गेले. पूर्ण तुळई बदलायची घाई नको. निरोगी लाकडापर्यंत कापून तिरपा जोड घ्या, जोडाची लांबी तुळईच्या उंचीच्या किमान तिप्पट ठेवा, १२ मिलिमीटरचे बोल्ट मारा आणि टोक परत भिंतीत ठेवताना भोवती बोटभर पोकळी सोडा. लाकडाला हवा लागली नाही की पाच-सहा वर्षांत पुन्हा तेच.

कौलांखाली प्लास्टिकचा कागद घट्ट ताणून ठोकू नका. त्यावर साचलेल्या घामाने रिपा कुजतात. आणि आढ्यावरची, म्हणजे दोन उतार मिळतात त्या माथ्यावरची कौले सिमेंटमध्ये बसवली तर ती उन्हाळ्यात तडकतातच. चुना-वाळूचा गिलावा वापरा. खोलीत अंधार असेल तर मागच्या उतारावर एक-दोन काचेची कौले पुरतात.

भिंती: सिमेंट नको, का नको

मातीत रचलेली १८ इंची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि बाहेरच्या हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट चढवला की ओलीला बाहेर पडायला जागा उरत नाही. मग ती आणखी वर चढते, मीठ फुलते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून ताटलीएवढे पापुद्रे सुटतात. गवंडी म्हणतो, माल कमी पडला, जास्त सिमेंट घाला. तसे केले की पुढच्या वेळी गिलाव्यासोबत आतली मातीही सुटून येते.

पावसाळ्यात मारलेल्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट खरडून काढा. भिंत उघडी ठेवून अख्खा उन्हाळा वाळू द्या. इथे घाई करणाऱ्याचे काम वाया जाते.

चुनकळी (भट्टीतला न भिजवलेला चुना) आणून हौदात भिजवा. नेहमी चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, उसळून डोळ्यांत जाते. चष्मा आणि हातमोजे घालाच. भिजलेला चुना वर पाणी ठेवून किमान तीन-चार आठवडे मुरू द्या, मग चाळा. न मुरलेला खडा गिलाव्यात राहिला तर महिन्यांनी फुलून नाण्याएवढा खळगा पाडतो.

पहिला थर १ भाग चुना, ३ भाग चाळलेली वाळू, जाडी १५ मिलिमीटर. ओल जास्त असेल तिथे १ चुना, १ भाजक्या विटांची सुरखी, २ वाळू. १०० चौरस फुटांना खाचखळगे धरून सुमारे ६ घनफूट वाळू आणि २ घनफूट मुरलेला चुना लागतो. दुसरा थर १:२ प्रमाणाने, ६ मिलिमीटर. भिंत आधी पाणी मारून ओली करा. नंतर आठवडाभर ओली गोणपाटे लटकवून दिवसातून तीनदा शिंपडा. उन्हात झटकन वाळला की केसासारख्या भेगा पडतात. गवंडी ‘पकड येऊ दे’ म्हणून मूठभर सिमेंट मिसळतो, तिकडे लक्ष ठेवा. वर चुन्याचा सफेदा द्या: १ किलो चुन्याला ५ लिटर पाणी, फडक्यातून गाळून, थोडा डिंक, तीन पातळ हात. रंग हवा तर काव किंवा पिवळी माती घाला.

ओलीचे आणखी एक कारण गल्लीत असते. काँक्रीटचे थर चढत चढत रस्ता कट्ट्याच्या बरोबरीला येतो. जोत्याला लागून फूटभर रुंद दगडी उतार द्या, पाणी गटाराकडे वळवा. आत सगळीकडे गुळगुळीत फरशी बसवली तर खालची ओल भिंतीकडे पळते, म्हणून भिंतीलगत चार-पाच इंचांची पट्टी खडी भरून मोकळी ठेवा.

संडास, न्हाणी, वरचा मजला: सगळे मागे

परसातले नवे बांधकाम स्वतःच्या खांबांवर उभे करा, मातीच्या भिंतीवर स्लॅब टेकवू नका. मधे इंचभर फट ठेवून वर पत्र्याची पट्टी बसवा, नाही तर पाऊस त्या फटीतच उतरेल. १००० लिटरची टाकी भरली की एक टन होते. ती परसात लोखंडी स्टँडवर ठेवा.

वरचा मजला गल्लीतून दिसू नये यासाठी समोरच्या कट्ट्याजवळ उभे राहून मोजा. समजा गल्ली १५ फुटांची, डोळ्याची उंची ५ फूट, आढे दर्शनी भिंतीपासून १२ फूट मागे आणि १८ फूट उंच. नजर २७ फुटांत १३ फूट चढते. आढ्याच्या आणखी १२ फूट मागे ती सुमारे पावणेचोवीस फुटांवर असते. तिथे नवे छप्पर साडेतेवीस फुटांच्या आत ठेवले तर खालून काही कळत नाही. बांबू उभे करून त्यांना लाल फडके बांधा, समोरून बघा, मगच खांब उभे करा.

दर्शनी बाजू सर्वांत शेवटी

कट्टा फोडून पार्किंग काढले की घर गल्लीपासून तुटते. शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणपती विसर्जनाची मिरवणूक बघायला लोक याच कट्ट्यावर बसतात, हे बेळगावकराला सांगायला नको. कट्ट्याचा दगड हलला असेल तर तेवढाच काढून चुन्यात परत बसवा.

दरवाजाचा जुना रंग कॉस्टिक सोड्याने काढू नका, सांधे ढिले होतात. पॉलिश पेपरने घासा आणि जवसाचे उकळलेले तेल टर्पेंटाइनमध्ये निम्मे-निम्मे करून पहिला हात द्या. सोप्यात दुकान काढायचे असेल तर सगळी भिंत फोडून शटर लावण्याऐवजी जुन्या पद्धतीच्या क्रमांक घातलेल्या फळ्या बसवा. मोजमाप दिले की सुतार करून देतो. पाटी वळचणीखाली, दोन फुटांच्या आत. तिच्यातली ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, हे आखणीतच धरा. एसीचा डबा, सांडपाण्याचे पाइप आणि केबलची जाळी परसाच्या अंगाला न्या.

शेजारी घर पाडतो तेव्हा

तुमचे काम चोख असले तरी इथे घात होतो. आजवर झाकलेली मातीची भिंत एका दिवसात उघडी पडते आणि पहिल्याच पावसात विरघळू लागते. पाडापाडीच्या आधी दोघांनी मिळून भिंतीचे तारीख दिसतील असे फोटो काढा आणि लेखी ठरवून घ्या: तुळयांची टोके त्याच्या बाजूने भिंतीत असतील तर आधी टेकू, वरच्या काठावर पत्र्याची टोपी, पाया खणताना भिंतीलगत चार-चार फुटांचे तुकडे. अख्खा चर एकदम खणला तर भिंत बसते. उघड्या बाजूला चुना-सुरखीचा गिलावा जूनपूर्वी व्हायला हवा. तोवर ताडपत्री वरून बांधा, पण भिंतीपासून वीतभर दूर. आणि त्याच्या घराची उतरवलेली कौले भंगारात जाण्याआधी पन्नास-साठ मागून घ्या, त्याच साच्यातली पुन्हा मिळतीलच असे नाही.