नवा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घ्यायच्या आधी

आपला सेट अचानक बद्द वाजायला लागला असं वाटलं, की दुकानात जायच्या आधी एक वही घ्या. काय खटकतं ते नेमकं लिहा. ‘आवाज मोकळा नाही’ एवढं पुरत नाही. मी लिहिलं होतं : भीमसेनजींच्या मैफलीत डग्गा घुमतो, त्यात तानपुऱ्याची जवार, म्हणजे तारांचा तो झणकार, बुडते.

एवढं लिहिल्यावर दोष खोलीत सापडला. आमचा हॉल दहा बाय बारा. दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा स्वर फुगतो. अ‍ॅम्प कितीही महागाचा आणा, भिंती त्याच राहतात. स्पीकर भिंतीला लागून होते, ते दोन फूट पुढे ओढले. माझी खुर्चीही भिंतीपासून सोडवली, समोरच्या उघड्या फरशीवर सतरंजी टाकली. जवार परत ऐकू आली तेव्हा मी अर्धा तास उठलोच नाही.

तरीही मन खात होतं, म्हणून मित्राचा १०० वॅटचा अ‍ॅम्प आणला. माझा ५० चा. दुप्पट वॅट म्हणजे जेमतेम ३ डेसिबल, कानाला थोडासाच मोठा आवाज, हे आधी ध्यानात घ्या.

दोन अ‍ॅम्प ताडून बघताना दोघांचा आवाज तंतोतंत सारखा हवा. लोक नेमकी हीच पायरी गाळतात, आणि किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प कानाला ‘सरस’ वाटतो. १०० हर्ट्झचा टोन लावा (साधे मल्टिमीटर वरच्या पट्टीत चुकतात), मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. मीटरच्या पिना एकमेकींना लागू देऊ नका. एकाचे २.०० आले तर दुसऱ्याचे २.०२ च्या वर नकोत.

मग मी पाठमोरा बसलो. मुलगी नाणं उडवायची : छापा तर माझा, काटा तर मित्राचा. अ‍ॅम्प बंद करूनच वायरी बदलायच्या, आणि तोच अ‍ॅम्प पुन्हा आला तरी वायरी काढून परत लावायच्या, नाहीतर खुडबुडीवरून ओळखू येतं. तिने अवाक्षर बोलायचं नाही, फक्त टिपून ठेवायचं. सोळा फेऱ्या, दर फेरीत कोणता अ‍ॅम्प वाजतोय ते मी ओळखायचं. नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी, म्हणून बारा आले तरच फरक खरा धरायचा आणि खरेदीचा विचार करायचा, असं आधीच ठरवलं होतं.

माझे नऊ आले. दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प परत द्यायला गेलो, तर मित्राचेही स्पीकर भिंतीला चिकटलेले. दोघांनी मिळून ते पुढे ओढले.