तळातल्या पोत्याचा वास घेतलात का?

पाऊस तोंडावर आलाय म्हणून घाईत लिहितोय. दरवर्षी तेच बघतो, थप्पीची वरची पोती कोरडी खडखडीत, माणूस निवांत, आणि पेरणीच्या दिवशी तळातलं पोतं ओढलं की कोपरा काळपट, आत हात घातला तर दाण्यांचे गोळे झालेले, चक्क गरम लागतात, आणि तो कुबट वास दिवसभर नाकातून जात नाही. थप्पी उघड्या फरशीवर, भिंतीला चिकटून, एवढीच चूक. फरशीची ओल पोतं ओढून घेतं आणि उन्हातला गरम माल तसाच भरलेला असला तर आतली वाफ थंड बाजूला जाऊन बसते, तिथंच बुरशी धरते.

तर थप्पी आत्ताच मोडा. बाकी नेहमीचंच:
- खाली फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर
- जुनी पोती, झाडलोट बाहेर
- रिकाम्या खोलीत मॅलेथिऑन ५० ईसी हे कीटकनाशक फवारा, लिटरभर पाण्याला १० मिली, १०० चौ.मी.ला ३ लिटर, धान्यावर अजिबात नाही
- ऊन दाखवलेला माल रात्रभर थंड करून मग भरा

ओलावा ज्वारी-गव्हाला १२ टक्क्यांच्या आत, कडधान्याला ९-१०. मीटर नसेल तर कोरड्या बाटलीत दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा, मीठ काचेला चिकटलं तर माल नक्की ओला, पण नाही चिकटलं म्हणून १२ च्या आत आलाच असं धरू नका. मी तर दाताखाली धरतो, कट्ट वाजला पाहिजे.

आणि पावसात "जरा हवा लागू दे" म्हणून दार उघडं टाकू नका, दमट हवा आत घेताय तुम्ही.

वास आला की दुकानदार धुरीच्या विषारी गोळ्या नाहीतर महागडी पावडर काढतो. गोळ्यांनी सोंडे (धान्यातले किडे) मरतात, बुरशीचं विष तसंच राहतं, आणि गोळ्यांतून निघणारा गॅस माणूस मारतो, राहत्या घरात नकोच. ऊन दाखवून वास कमी होतो पण अफ्लाटॉक्सिन, म्हणजे तेच बुरशीचं विष, शिजवूनही जात नाही, म्हणून असलं धान्य गुरांनाही नको, दुधात उतरतं.

बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सोयाबीन ७० च्या खाली उगवलं तर ते बी पेरू नका. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम चोळाच, पण मेलेलं बी त्यानं उठत नाही. आणि माझा अंदाज सांगतो, कुबट वासाचं बी गोणपाटात ७५ उगवलं तरी पेरणीनंतर झड लागली की रानात निम्मंही वर येत नाही.