धातुकाचेचे शिथिलीकरण: तापप्रक्रिया कशी आखावी आणि तिचा परिणाम कसा मोजावा

वितळलेला मिश्रधातू सेकंदाला सुमारे १० लाख केल्विन इतक्या वेगाने थंड केला, की अणूंना स्फटिकाच्या रांगेत बसायला सवड मिळत नाही. १९६० साली सोने आणि सिलिकॉन यांच्या मिश्रधातूपासून पहिली धातुकाच अशीच मिळाली. या घाईत अणूंच्या मधे अडकून राहिलेली जादा मोकळी जागा, म्हणजेच मुक्त आयतन, काचांतरण तापमानाखाली, म्हणजे ज्या तापमानाला काच मऊ होऊ लागते त्याच्या खाली, तापवल्यावर हळूहळू घटते, आणि यालाच संरचनात्मक शिथिलीकरण म्हणतात.

प्रथम मूळ नमुना डीएससी यंत्रात (तापवताना नमुना किती उष्णता शोषतो वा सोडतो हे मोजणारे यंत्र) मिनिटाला २० केल्विन वेगाने तापवून काचांतरणाचे आणि स्फटिकीकरणाचे तापमान नोंदवावे. वेग बदलला की हे आकडेही सरकतात, म्हणून वेग लिहून ठेवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. अनीलिंगसाठी, म्हणजे नमुना ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवण्यासाठी, काचांतरणाच्या सुमारे ५० अंश खालचे तापमान ही चांगली सुरुवात ठरते. झिरकोनियमवर आधारलेल्या प्रसिद्ध व्हिट्रेलॉय-१ चे काचांतरण ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने त्याला ३०० अंश योग्य होतात. झिरकोनियम ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतो, त्यामुळे नमुना निर्वात क्वार्ट्झ नळीत बंद करूनच भट्टीत ठेवावा.

वेळ निवडताना एक, दोन, तीन तास असे समान टप्पे घेऊ नयेत. शिथिलीकरण सुरुवातीला वेगाने होते आणि नंतर रेंगाळते, म्हणून १० मिनिटे, १०० मिनिटे, १००० मिनिटे असे दहापटीचे टप्पे अधिक बोलके असतात. धातुकाच पातळ फितीच्या रूपात असेल, तर सर्व तुकडे एकाच फितीचे व एकाच जाडीचे हवेत, कारण जाड फीत मुळातच सावकाश थंड झालेली, म्हणजे अधिक शिथिल असते.

आता नमुने डीएससी यंत्रात तापवून मिळालेला उष्णतेचा आलेख पाहावा. मूळ नमुन्याच्या आलेखात काचांतरणापूर्वी उष्णता बाहेर टाकणारा पसरट उंचवटा दिसतो. अनीलिंगनंतर तो आक्रसतो आणि काचांतरणापाशी उष्णता शोषणारे शिखर टोकदार होत जाते. नमुना काचांतरणाच्या किंचित वर, पण स्फटिकीकरणाच्या बराच खाली नेऊन ठरलेल्या वेगाने थंड करावा आणि पुन्हा तापवावा. पहिल्या आणि या दुसऱ्या तापवणीच्या आलेखांमधील क्षेत्रफळाच्या फरकावरून शिथिलीकरणाची एन्थाल्पी, म्हणजे त्यातील उष्णता-ऊर्जेचा बदल, मिळते. क्ष-किरण विवर्तनात (अणूंची मांडणी तपासण्याची पद्धत) केवळ स्फटिक नसल्याचे दाखवणारे रुंद वलय दिसले म्हणून काही बदललेच नाही असे मानणे ही नेहमीची चूक आहे, कारण घनता जेमतेम अर्ध्या टक्क्याने वाढते आणि वलयाला त्याची फारशी दखल नसते.

बोटांना मात्र हा बदल लगेच कळतो: लोह-सिलिकॉन-बोरॉनची सुमारे २५ मायक्रोमीटर जाडीची ताजी फीत दुमडून चपटी करता येते, तर अनीलिंग झालेली तीच फीत वाकवताच कडकन तुटते. ट्रान्सफॉर्मरचा गाभा आधी गुंडाळून मगच तापवतात तो यासाठीच. अंतर्गत ताण गेल्याने चुंबकीय हानी (गाभ्यात वाया जाणारी ऊर्जा) घटते, पण त्यानंतर फीत गुंडाळण्याजोगी राहत नाही.

अतिशिथिल झालेला झिरकोनियम-मिश्रधातू काचांतरणाच्या वर थोडा वेळ ठेवून झपाट्याने थंड केल्यास मुक्त आयतन बरेचसे परत येते. लोहाच्या फितीत मात्र काचांतरण आणि स्फटिकीकरण एकमेकांना इतके चिकटून असतात, की हा उपाय करायला जागाच उरत नाही.