इंदूरला नव्याने आलात? आपलं बँक खातं कुणाला वापरायला देऊ नका

1994 साली लग्न होऊन साताऱ्याहून इंदूरला आले, तेव्हापासून मी लोकमान्यनगरात आहे. वरच्या दोन खोल्या मराठी मुलांना भाड्याने देते. कुणी भंवरकुव्याला क्लाससाठी आलेलं असतं, कुणी विजयनगरात नोकरीला. पोह्यांवरचा जिरावण मसाला आणि सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार त्यांना आठवड्यात समजतो. पैशांचं मात्र मी पहिल्या दिवशीच सांगते.

"भिया, तेरा खाता महीनेभर को दे दे, पाँच हजार ले ले." असं म्हणणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. त्याला एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिम हवं असतं. आमच्याकडच्या एका मुलाने ते दिलं. दोन दिवसांत त्या खात्यात काही लाख आले आणि गेले. ते कुणा निवृत्त गृहस्थाला फसवून काढलेले होते. खातं गोठलं, दुसऱ्या राज्यातले पोलीस आमच्या दारात आले. "काकू, मी फक्त खातं दिलं होतं," एवढंच तो म्हणत राहिला. पण पोलीस पैशाचा माग काढत येतात ते खातं ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) प्रमाणे फसवणुकीला 7 वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्ह्याचा पैसा आहे हे माहीत असून फिरवला, तर मनी लाँडरिंगच्या कायद्यात 3 ते 7 वर्षं. शिक्षा पुढची गोष्ट. वकील आणि परगावच्या तारखा यातच त्याची परीक्षा बुडाली.

दुसरा धोका नोकरीचा. शेअरबाजाराच्या सल्ल्याचा धंदा इंदुरात मोठा आहे आणि सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, इथल्या कित्येक कंपन्यांवर कारवाई केली आहे. फोनवर "खात्रीचा नफा" सांगून फी घ्यायला लावत असतील, तर पहिल्या पगाराची वाट पाहू नका, बाहेर पडा. खात्रीच्या नफ्याचं आश्वासन नोंदणीकृत सल्लागारालाही देता येत नाही. रुजू होण्याआधी कंपनीचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पाहा. फोनवर तुमचा आवाज असतो, हे मालक तुम्हाला सांगणार नाही.

डिपॉझिटसाठी चेक देताना खात्यात तेवढे पैसे ठेवा. परत गेलेल्या चेकची नोटीस आली, तर 15 दिवसांत रक्कम चुकती करा. नाहीतर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली 2 वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही.

फसवणुकीत तुमचेच पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोचली, तर ते अडवता येतात. लाज वाटून रात्र घालवू नका.

आणि खातं आधीच देऊन बसला असाल, तर आजच बँकेत लेखी अर्ज देऊन ते बंद करायला सांगा, पोच घ्या, मग स्वतःहून ठाण्यात जा. एकट्याने जायची भीती वाटली तर घरमालकांना सांगा. मी त्या मुलाबरोबर गेले होते.