सोन्याच्या कणांवर प्रथिन बसलं का? मिठाने ओळखा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावणाचा रंग मोजणारं यंत्र) मोकळा मिळाला नाही तरी हा प्रयोग नुसत्या डोळ्यांनी होतो.

आधी काचसामान. ते फ्यूमहूडखाली (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), सर किंवा मॅडम जवळ असताना अम्लराजाने (३ भाग हायड्रोक्लोरिक, १ भाग नायट्रिक) धुवा, मग डिस्टिल्ड पाण्याने भरपूर खळबळा. बोअरचं पाणी नकोच. त्यातलं कॅल्शियम कणांचे गठ्ठे करतं.

कण ज्यापासून बनवायचे ते गोल्ड क्लोराइड ओल ओढतं आणि आपल्याकडचा पावसाळा कसा असतो ते सांगायला नको. म्हणून थोडं थोडं तोलू नका. १ ग्रॅमची कुपी उघडली की सगळं १०० मिली पाण्यात विरघळवून गडद बाटलीत ठेवा. धातूचा चमचा लावू नका.

यातलं १ मिली द्रावण ९९ मिली पाण्यात घालून खळाखळा उकळा आणि १% ट्रायसोडियम सायट्रेट २ मिली एकदम ओता. फिकट पिवळा रंग जातो, मग करडा, जांभळट आणि शेवटी कोकमाच्या सरबतासारखा लाल होतो. आणखी १० मिनिटं उकळून गार करा. कण साधारण १६ नॅनोमीटरचे होतात. रंग जांभळटच राहिला तर बहुतेक काच अस्वच्छ होती.

आता पाच नळ्यांत १-१ मिली लाल द्रावण घ्या. ०.१ मिग्रॅ/मिली बोवाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातलं प्रथिन) अनुक्रमे ०, २० , ५०, १००, २०० मायक्रोलिटर घाला आणि प्रत्येक नळीत प्रथिन व पाणी मिळून २०० मायक्रोलिटर होईल एवढं पाणी भरून सगळ्यांचं आकारमान सारखं करा. १० मिनिटं थांबा. मगच प्रत्येकीत १०% मीठ ०.१ मिली. हा क्रम उलटला तर सगळंच निळं होतं.

सायट्रेटच्या ऋण भारामुळे कण एकमेकांना ढकलतात. मीठ तो भार झाकतं, कण चिकटतात, द्रावण निळं पडतं. प्रथिनाचा थर पुरेसा असेल तर तो कणांना दूर ठेवतो, नळी लालच राहते. गंमत म्हणजे अल्ब्युमिनचा एकूण भारही इथे ऋणच असतो, तरी ते बसतं. त्याच्या अंगावर लायसिन या अमिनो आम्लाचे धन ठिपके असतात, गंधकही सोन्याला धरतं. रसायनशास्त्रज्ञ झिगमोंडीचा सुवर्णांक (सोन्याचे कण मिठापासून वाचवायला एखादा पदार्थ किती लागतो तो आकडा) याच युक्तीवर उभा आहे.

अल्ब्युमिनऐवजी अंड्याचा पांढरा भाग चालतो: १ मिली शंभर पट पातळ करा, दिसतील ते पांढरे तंतू गाळून टाका, मग आणखी दहा पट पातळ करा. मात्र त्यात लायसोझाइम नावाचं धनभारित प्रथिन असतं. ते थोडं असताना दोन कणांना एकमेकांशी बांधू शकतं, म्हणून मीठ घालण्याआधीच नळी जांभळट झाली तर ती नोंदवा, ओतून देऊ नका.